कोळ्याला केरसुणी, फोडाला डॉक्टर

वार्षिकांकासाठी साहित्य द्यावे अशी सूचना फलकावर लागली तेव्हा आमच्या वर्गात विषयांची जणू वाटणीच झाली. कोणी हुंडा घेतला, कोणी आजचा युवक घेतला, कोणी शेतकऱ्याचे दुःख घेतले. मी म्हटले, "मी घरातल्या कोळ्यांवर लिहिते." वर्गात हशा पिकला. एक मैत्रीण म्हणाली, "कोळी म्हणजे मासे धरणारे का गं?" मी म्हटले, "नाही बाई, भिंतीवरचे." तेव्हा तर हसण्याला ऊतच आला. संपादक सरांनी मात्र चष्म्यावरून पाहिले आणि एवढेच म्हणाले, "लिही, पण लोकांच्या कामी येईल असे लिही." म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रश्न वरवर साधा आहे. घरात कोळी झाले तर ते आपले आपण काढावेत की त्यासाठी जाणकार माणूस बोलवावा? बोलवायचा तर केव्हा आणि कोणता? माझे म्हणणे असे की या बाबतीत आपण सारे, खेड्यातले काय नि शहरातले काय, नेमके उलटे वागतो. जिथे केरसुणीने भागते तिथे आपण विषाचा पंप आणतो, आणि जिथे त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा तिथे आठ-आठ दिवस गेरू लावून बसतो. या उलट्या वागण्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे. ती हकीकत पुढे येईलच.

आधी कोळ्याविषयी. आमचे गाव कळमनुरी तालुक्यात. घर जुने, माळवदाचे. माळवदाच्या लाकडांत, सोयाबीनच्या पोत्यांमागे, देवळीत, जुन्या कंदिलाच्या काचेत, जिथे म्हणून माणसाचा हात रोज पोचत नाही तिथे कोळी. नवरात्राच्या आधी घर काढायचे, भांडी घासायची, गोधड्या नदीवर धुवायच्या आणि वेळूला केरसुणी बांधून जळमटे पाडायची हा आमच्याकडचा दरवर्षीचा नेम. लहानपणी ते काम माझ्याकडे असे. डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून तोंडाला ओढणी बांधायची आणि वर बघत बघत घरभर फिरायचे. त्यामुळे घरातल्या कोळ्यांची आणि माझी ओळख चांगली जुनी आहे.

आपल्या घरांत मुख्यतः तीन तऱ्हेचे कोळी दिसतात. एक तो लांबलचक केसासारख्या पायांचा, जो छताच्या कोपऱ्यात उलटा लटकतो आणि जाळ्याला धक्का लागताच अंग घुसळून हलू लागतो. खरी जळमटे होतात ती बहुतेक याचीच. डास, चिलटे त्याच्या जाळ्यात अडकतात. दुसरा चपटा, तपकिरी, पाय पसरले तर तळहाताएवढा. याला पाहून माणसे किंचाळतात. हा जाळे विणतच नाही. रात्री भिंतीवरून धावतो आणि झुरळे धरून खातो. याची मादी पोटाखाली पांढऱ्या चपट्या बटणासारखी अंड्यांची पिशवी घेऊन फिरते. तिसरा बारीक, उड्या मारणारा. तो आपल्याकडे वळून टक लावून पाहतो तेव्हा तोच आपली परीक्षा घेत आहे असे वाटते. हे तिघेही माणसाच्या वाटेला जात नाहीत. विष जवळजवळ सर्वच कोळ्यांना असते, पण ते किड्यांपुरते. यांच्यापैकी एखादा हाताखाली दाबला गेला आणि चावलाच, तर गांधीलमाशी डसल्यासारखी आग होते आणि एक-दोन दिवसांत ओसरते. दत्तात्रेयाच्या चोवीस गुरूंमध्ये कोळ्याचेही नाव आहे आणि आपल्या मराठवाड्यातील पैठणच्या नाथमहाराजांनी भागवतावरच्या टीकेत त्याचे विवेचन केले आहे. असे असता ज्या घरात दत्ताची तसबीर आहे त्याच घरात कोळ्यावर चप्पल उगारली जाते, ही गंमतच नव्हे काय?

असो. मुद्दा असा की या कोळ्यांसाठी जाणकार लागत नाही. केरसुणी लागते. जाळे पाडायचे, अंड्यांची पिशवी दिसली तर तीही काढून बाहेर टाकायची, पोती भिंतीपासून वीतभर लांब ठेवायची. आणि कोळी कशासाठी येतात तेही पाहायचे. मी हिंगोलीत खोली घेऊन राहते. तिथल्या घरमालकीण काकूंना कोळ्यांचा मोठा तिटकारा. मागच्या वर्षी त्यांनी पेस्ट कंट्रोलवाला बोलावला. त्याने चांगले पैसे घेतले, भिंतीवर औषध मारले, दोन दिवस घरभर वास राहिला आणि पंधरवड्यात खिडकीशी जाळी परत आली. त्या माणसाने फसवले असे मी म्हणत नाही. कोळी जाळ्यात अधांतरी बसतो, त्याचे पाय भिंतीला लागतात ते थोडेच. त्यामुळे भिंतीवर मारलेले औषध झुरळाला जसे लागते तसे त्याला लागत नाही. खरे कारण खिडकीबाहेरची पांढरी ट्यूब होती. पावसाळ्यात रात्रभर ती चालू असे, तिच्यावर किडे झेपावत, आणि जिथे किडे तिथे कोळी. काकूंनी ट्यूब रात्री बंद ठेवायला सुरुवात केली आणि खिडकीला जाळी बसवली तेव्हा कोळी आपोआप कमी झाले. जे किडे खायला कोळी येतात त्यांचा बंदोबस्त केला की कोळ्यांचा निराळा करावा लागत नाही.

मग पेस्ट कंट्रोलवाला कधीच बोलवू नये काय? तसे नाही. वाळवी लागली, झुरळांनी स्वयंपाकघर भरले, किंवा घरात एकटी म्हातारी माणसे आहेत आणि त्यांना स्टुलावर चढणे शक्य नाही, तर खुशाल बोलवावा. मात्र त्याच्याकडे परवाना आहे का हे विचारावे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली या धंद्याला परवाना लागतो. कोणते औषध मारणार, घरात किती तास जायचे नाही, पाण्याचे माठ आणि पिठाचे डबे कुठे ठेवायचे, हे ज्याला सांगता येत नाही त्याला दारातूनच परत पाठवावे.

पण खेड्यात पेस्ट कंट्रोलवाला येत नाही. तिथे त्याहून भयंकर प्रकार चालतो. फवारणीचा पंप घरात असतोच, कपाशीवर किंवा सोयाबीनवर मारलेल्या औषधाचे डब्यात तळाला काही उरलेले असतेच, आणि कोणाच्या तरी मनात येते की लगेहाथ माळवदालाही मारून टाकू. आमच्या गल्लीत एका घरी असेच झाले. दसऱ्याच्या आधी घरधन्याने आतल्या खोलीत फवारणी केली आणि रात्री सगळे त्याच खोलीत निजले. पहाटे लहान मुलीला ओकाऱ्या सुरू झाल्या, तोंडातून लाळ गळू लागली. दवाखान्यात नेले म्हणून ती वाचली. कोळी मेले की नाही हे विचारायचे कोणालाच सुचले नाही. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यात पडले. ते तर उघड्या रानात, वाऱ्यावर होते. ज्या औषधाने रानात माणूस मरतो ते बंद खोलीत, लेकराच्या अंथरुणावर, कशासाठी? तर ज्याने आजवर कोणाचे काही बिघडवले नाही अशा कोळ्यासाठी!

येथवर मी भिंतीवरच्या कोळ्याविषयी लिहिले. आता दुसऱ्या कोळ्याविषयी लिहिते, जो भिंतीवर नसतो, फक्त लोकांच्या तोंडी असतो. शब्द जरा गावंढळ आहे, वाचकांनी क्षमा करावी, पण दुसरा शब्द आमच्याकडे नाही. अंगावर एकाएकी लाल चट्टा उठला, त्यात पाण्याचे फोड आले आणि आग होऊ लागली की आमच्याकडे म्हणतात, "कोळी मुतला." झाले! रोगाचे नाव ठरले आणि उपायही ठरला. गेरू उगाळून लावायचा, निंबाचा पाला ठेवायचा आणि मंत्र जाणणाऱ्याकडून उतरवून घ्यायचे.

मी आठवीत असतानाची गोष्ट. सोयाबीनची सुगी चालू होती. एके दिवशी आजी म्हणाली, "कपाळ लई दुखायलंय, उजवीकडून कोणी सुया टोचल्यागत." उन्हाने दुखत असेल असे सगळ्यांना वाटले. दोन दिवसांनी कपाळाच्या उजव्या अर्ध्या भागावर लाली आली, मग भुवईपर्यंत फोड उठले. शेजारच्या मावशीने पाहिले आणि म्हणाली, "कोळी मुतलाय, दुसरं काय?" आईने गेरू लावला. बाबा संध्याकाळी जाणत्या बुवांना घेऊन आले. त्यांनी मंत्र म्हटला, फुंकर घातली, तीन दिवस मीठ-तेल वर्ज्य सांगितले. तिसऱ्या दिवशी नाकाच्या शेंड्यावरही एक फोड दिसला. डोळा लाल झाला, सुजून बंद झाला. आजी रात्रभर कण्हत असे. बाबांना वाटे, उतार पडायला वेळ लागतोच. आठव्या दिवशी मामा आले, त्यांनी तिला मोटारसायकलवर बसवून शहरात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितले की ही नागीण आहे. आणि विचारले, "इतके दिवस काय करत होतात?"

त्या प्रश्नाला बाबांकडे उत्तर नव्हते. आजीच्या त्या डोळ्याला आता उजेड-अंधार तेवढा कळतो.

नागीण म्हणजे काय हे मला नंतर कळले. लहानपणी कांजण्या होऊन गेल्या की त्यांचे विषाणू शरीरातून जात नाहीत, मज्जातंतूंच्या मुळाशी निपचित पडून राहतात. म्हातारपणी किंवा अशक्तपणात ते पुन्हा जागे होतात आणि ज्या तंतूत असतील त्याच्या वाटेने कातडीवर येतात. म्हणून आधी ठणका लागतो आणि मग फोड उठतात. म्हणूनच ते शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे असतात. लोक म्हणतात की नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले, वेटोळे पुरे झाले, की माणूस दगावतो. पण ती सहसा मधली रेघ ओलांडतच नाही, तर वेटोळे पुरे व्हायचे कुठून? या भीतीपोटी लोक बुवाकडे धावतात, आणि वेटोळे पुरे झाले नाही याचे श्रेय बुवाला मिळते. खरी भीती निराळीच आहे. कपाळावरची नागीण डोळ्यात उतरू शकते, आणि नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर डोळा धोक्यात आहे असे डॉक्टर समजतात. ॲसायक्लोव्हिरसारख्या गोळ्या फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्या तर चांगला गुण येतो. आजीचे ७२ तास गेरू, फुंकर आणि "बघू उद्या" यांत गेले. त्यात बिचाऱ्या कोळ्याचा संबंध तेवढाही नव्हता! कोळ्याची विष्ठा म्हणजे भिंतीवर पडणारा पांढरा ठिपका. तिने अंगावर नागीण उठत नाही.

मग सगळेच 'कोळी मुतलेले' नागीण असतात का? नाही, आणि येथे मी स्वतः फजीत झाले. गेल्या श्रावणात मी गावी असताना धाकट्या भावाच्या मानेवर सकाळी लाल ओरखड्यासारखा लांब चट्टा उठला, त्यावर बारीक फोड, भयंकर आग. आजी लगेच म्हणाली, "पोरी, तू शिकलीस, तूच बघ." घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे विजेच्या बिलापासून फोडापर्यंत सगळे मलाच बघावे लागते. मला तर आजीचा डोळा दिसू लागला. मी बाबांचा एक दिवसाचा रोज बुडवून सगळ्यांना हिंगोलीला आणले. डॉक्टरांनी भावाला विचारले, "रात्री दिव्याखाली अभ्यास करत होतास का?" हो म्हणाला. त्यांनी सांगितले की हा एका किड्याचा प्रताप. मुंगीपेक्षा जरा मोठा, लांबट, नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा हा किडा पावसाळ्यात दिव्यावर येतो. तो चावत नाही, डंखही मारत नाही. पण अंगावर बसला आणि आपण तो चिरडला की त्याच्या अंगातला दाहक रस कातडीवर पसरतो आणि दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखी रेघ उठते. हाताची घडी घातली तर समोरासमोर दोन डाग उठतात. उपाय एवढाच की किडा चिरडू नये, फुंकरून उडवावा, आणि चिरडलाच तर ती जागा लगेच साबण-पाण्याने धुवावी. त्या हाताने डोळा चोळू नये. शेतात हाच किडा पिकावरच्या अळ्या-मावा खातो, म्हणजे तो शेतकऱ्याचा सोबतीच. मलम मिळाले, आठवड्यात चट्टा गेला. परत येताना बाबा एसटीत काही बोलले नाहीत, पण त्यांच्या मनात काय चालले होते ते मला कळत होते. गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही हेच मलम मिळाले असते.

मला त्या दिवशी लाज वाटली खरी. पण पुढे विचार करता वाटले की या दोन चुका एका मापाच्या नाहीत. माझ्या चुकीत एक रोज आणि एसटीचे भाडे गेले. आधीच्या चुकीत डोळा गेला. दिवे लागणीला दिसणारा किडा आणि मज्जातंतूतला विषाणू यांतला फरक आजीला, मावशीला किंवा मला, कोणालाच घरबसल्या पारखता येणार नाही. ज्याला पारखता येतो त्याला दाखवायचे, एवढेच आपल्या हातात आहे.

२०१२ साली आसाममधील तिनसुकिया जिल्ह्यात, सदियाच्या भागात, मोठ्या काळ्या कोळ्यांची अशी भीती पसरली की देशभरच्या वर्तमानपत्रांनी ती छापली. दोन माणसे कोळी चावून मेली असे म्हटले गेले. पण दोघेही आधी गावच्या वैदूकडे गेले होते आणि त्याने ब्लेडने जखमा चिरून रक्त काढले होते असेही त्याच बातम्यांत होते. मग ती माणसे कोळ्याने मेली की ब्लेडने, हा प्रश्न तज्ज्ञांनाही सोडवता आला नाही. आमच्याकडेही कापलेल्या बोटावर जळमट चिकटवून रक्त थांबवण्याची रीत आहे. धूळ-मातीने भरलेले जळमट उघड्या जखमेवर! धनुर्वाताला याहून चांगले आमंत्रण कोणते?

आपल्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, २०१३ साली, जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत एक कलम असे आहे की कुत्रा, साप किंवा विंचू चावल्यास त्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. कलम वाचून मला आनंद झाला आणि जरा हसूही आले. कुत्रा आहे, साप आहे, विंचू आहे, पण 'मुतलेला कोळी' नाही! कायदा करणाऱ्यांना तो माहीत नसावा. अर्थात कायद्यात घातला तरी काय होणार होते? आमच्या बुवांनी कोणाला रोखले नव्हते. आम्हीच गेलो नव्हतो.

विंचवाचे उदाहरण मात्र येथे दिलेच पाहिजे, कारण ते आपल्या मराठवाड्याच्या माणसाचे आहे. जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर हे रायगड जिल्ह्यात महाडच्या भागात सरकारी आरोग्य केंद्रात नोकरीला होते. तेथे लाल विंचवाच्या दंशाने तरणीताठी माणसे, लेकरे दगावत. त्या गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीस-चाळीस हाताला लागत नसत. डॉक्टरांनी रुग्णांच्या उशाशी रात्ररात्र बसून नोंदी ठेवल्या. विष हृदयावर कसे घाला घालते ते पाहिले आणि प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध त्यावर वापरले. १९८२ आणि १९८६ साली त्यांचे हे काम 'लॅन्सेट' या विलायती वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुढे मृत्यूचे प्रमाण शंभरात एक-दोनवर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या आरोग्य केंद्रात बसून एका डॉक्टराला हे करता आले. पण ते औषध रुग्ण केंद्रात वेळेवर पोचला तरच उपयोगी. आधी मांत्रिकाकडे, मग चावडीवर, मग बैलगाडी, असे फिरून पहाटे पोचला तर प्राझोसिन तरी काय करणार?

एवढे सगळे लिहून झाल्यावर बुवांविषयी एक खरी गोष्ट सांगितली नाही तर अन्याय होईल. ते वाईट मनुष्य नव्हेत. आजीच्या वेळी त्यांनी एक पैसाही घेतला नाही, नारळ दिला तोही देवळात फोडला. तिन्ही दिवस रानातून दमून येऊन, हातपाय धुऊन ते आमच्याकडे येत. या दिवाळीच्या सुट्टीत मी धीर करून त्यांच्याकडे गेले. म्हटले, "काका, तुम्ही मंत्र टाका, माझी ना नाही. पण तोंडावर फोड असतील, एकाच अंगाला पट्टा असेल, डोळा लाल असेल, ताप असेल, तर आधी दवाखान्यात पाठवा. तुमचा शब्द लोक ऐकतात, माझा ऐकत नाहीत." ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "पोरी, तू म्हणतीस ते खरं असंल. पण लोकं माझ्याकडं रातच्या बाराला येतात. तवा तुझा दवाखाना उघडा असतोय का?"

मी १०८ क्रमांकाच्या गाडीचे सांगितले. २०१४ पासून ती आपल्या राज्यात आहे, विंचू-साप-विषबाधा असली तर फोन करताच येते. पण मला स्वतःलाच ठाऊक होते की कपाळावरच्या फोडासाठी मध्यरात्री १०८ कोणी बोलवत नाही. अशा माणसाला रात्री बुवाचे दार उघडे मिळते, म्हणून तो तिथे जातो. हिंगोलीत २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ही आनंदाची गोष्ट आहे. पण तिथला डॉक्टर आमच्या गावच्या केंद्रात रात्री मुक्कामाला असेल तेव्हा बुवांच्या प्रश्नाला उत्तर मिळेल. तोवर मी घरी एवढेच सांगून ठेवले आहे की कोळी दिसला तर मला फोन करू नका, केरसुणी घ्या. फोड दिसला तर गेरू लावण्याआधी आशाताईंना दाखवा, आणि तो चेहऱ्यावर असेल तर कोणालाही न विचारता त्याच दिवशी डॉक्टरकडे निघा. रोजाचे काय ते आपण नंतर बघू.

आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे हिवाळी शिबिर दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावात भरते. तिथे आपण गटारे काढतो, पथनाट्य करतो. या वेळी एक संध्याकाळ फोड, चट्टा, विंचू आणि फवारणीच्या औषधासाठी ठेवावी, त्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना बोलवावे, आणि त्याच सतरंजीवर त्या गावच्या मंत्र जाणणाऱ्यांनाही मानाने बसवावे, असे मी कार्यक्रम अधिकारी सरांना लेखी सुचवले आहे. सरांनी अर्ज ठेवून घेतला आहे. गाव अजून ठरायचे आहे.